मुरलेली पांढरी रम कशी पारखावी

दिसायला पाण्यासारखी, म्हणून ही रम ताजी असेल असे समजू नका. काही पांढऱ्या रम दोन-चार वर्षे ओकच्या पिंपात मुरतात, पिवळसर होतात आणि मग कोळशातून गाळून त्यांचा रंग काढला जातो. क्युबातल्या सांतियागोमध्ये १८६२ साली कारखाना सुरू करणाऱ्या फाकुंदो बाकार्दीचे नाव या पद्धतीशी जोडले जाते. आज गयानाची तीन वर्षांची एल डोराडो किंवा निकाराग्वाची चार वर्षांची फ्लोर दे कान्या ही तिची सहज आठवणारी उदाहरणे. रंग गेला, पण पिंप रममध्ये उरले आहे का, एवढेच आपल्याला शोधायचे आहे.

त्यासाठी दोन ग्लास घ्या. एकात मुरलेली, दुसऱ्यात अजिबात न मुरवलेली पांढरी रम. शेजारी तुलनेला काही नसेल तर नवख्याला दोन्ही सारख्याच वाटतात. ग्लास तळाशी फुगीर, तोंडाशी निमुळता हवा. प्रत्येकी २० मिली पुरे. बर्फ नको, गारव्याने वास दबतो. अंगाला अत्तर नको, तोंडात नुकतीच प्यालेली कॉफीही नको.

डोळ्यांचे काम मिनिटभराचे. पांढऱ्या कागदासमोर ग्लास धरा. गवताच्या काडीसारखी फिकट झाक दिसली तर थोडा रंग मागे राहिला आहे. त्यावरून दर्जा ठरत नाही.

खरा वेळ नाकाला द्या. ओतल्यावर पाच मिनिटे ग्लासला हात लावू नका, म्हणजे पहिला झोंबरा वास उडून जातो. वाइनसारखे गरागरा फिरवणेही टाळा. ग्लास हनुवटीजवळ धरून, ओठ किंचित उघडे ठेवून हळूहळू वर आणा. नाक आत खुपसले की झिणझिण्या येतात आणि पुढचे काहीच कळत नाही. आधी फळे शोधा: पिकलेले केळे, अननस. हे वास मुख्यतः आंबवण्यात तयार होणाऱ्या एस्टर नावाच्या सुवासिक संयुगांचे, त्यामुळे ते दोन्ही ग्लासांत सापडू शकतात. व्हॅनिला, ओले खोबरे, सुक्या लाकडाचा भुसा हे मात्र पिंपाचे. ते फक्त एकाच ग्लासात आले, तर मुरवण सापडली. कोळसा रंगाबरोबर थोडा वासही ओढून घेतो. म्हणून हे वास पुसट असले तरी निराश होऊ नका.

पहिला घोट चवीसाठी नाहीच, जिभेला सवय व्हावी म्हणून. दुसरा अगदी लहान घ्या, दहा सेकंद घोळवा, मग गिळा किंवा थुंका. थुंकण्यात कमीपणा नाही. चार नमुने पारखायचे तर तोच शहाणपणा. मुरलेली रम तोंडात गोलसर लागते, जाळत नाही. हिरड्यांवर किंचित तुरटपणा आला तर तो लाकडाचा. नंतर घड्याळ पाहा: चव किती सेकंद टिकते आणि जाताना कडवट होते का? माझ्या मते शेवट कोरडा आणि स्वच्छ हवा. नुसता गोडवा रेंगाळला की मला शंका येते.

कारण मऊपणा साखर घालूनही आणता येतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार लिटरमागे २० ग्रॅमपर्यंत गोडवा चालतो. स्वच्छ बशीत काही थेंब रात्रभर सुकू द्या. सकाळी बोटाला चिकट लागले तर तो मऊपणा पिंपाचाच असे म्हणता येणार नाही.

आता दोन्ही ग्लासांत चमचाभर, म्हणजे ५ मिली, पाणी घाला. दोन घोटांनंतर उरलेली ४० टक्क्यांची रम साधारण ३० टक्क्यांवर येते आणि मद्यार्काआड दडलेले वास मोकळे होतात. चांगली रम इथेही अंग धरून राहते. ढिसाळ असेल तर पाणचट होते.

ग्लास लगेच धुऊ नका. तासाभराने रिकाम्या ग्लासांचा वास घ्या. मद्यार्क उडालेला असतो, आणि आधी निसटलेले लाकूड अनेकदा तिथेच सापडते.