देवबागहून डॉल्फिन पाहायला निघण्यापूर्वी

मालवणजवळच्या देवबाग-तारकर्ली किनाऱ्यावरून छोट्या होडीने डॉल्फिन आणि बेटे पाहायला जायचे असल्यास सकाळची पहिली फेरी घ्यावी, कारण दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की पाण्यावर लाटा उठतात आणि डॉल्फिनची पाठ त्यांतून वेगळी ओळखणे अवघड जाते. आदल्या दिवशीच भरती-ओहोटीच्या वेळा तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, विचारून ठेवाव्यात. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला वाळूचा पट्टा ओहोटीला उथळ होतो. होडी लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, होडी डोलू लागल्यावर घेतलेली गोळी बहुधा उशिराच ठरते. रिकाम्या पोटी जाऊ नये, पण तेलकट न्याहारीही टाळावी. लाइफ जॅकेट अंगावर नुसते अडकवू नये, त्याचे सर्व पट्टे आवळावेत, आणि मुलांसाठी त्यांच्या मापाचे मागावे. सुती कपडे भिजले की लवकर वाळत नाहीत. डॉल्फिन दिसताच त्यांचा पाठलाग करण्याचा आग्रह तांडेलाला करू नये. इंजिन मंद करून थोडे थांबल्यास ते पुष्कळदा पुन्हा वर येतात. पावसाळ्यात या फेऱ्या बंद असतात.