गूढ शब्दकोडं ग्रुपमधे कसं सोडवायचं (आणि एकमेकांची मजा न घालवता)

लोकांमध्ये मी असते पायाखाली (३)

हा गूढ शब्दकोड्यातला एक क्लू, म्हणजे उत्तर शोधायला दिलेलं वाक्य, आणि कंसातला आकडा म्हणजे उत्तरात किती अक्षरं ते. दोनदा वाचा, मोठ्याने वाचलंत तर अजून बरं. कुणीतरी बाई आपलं दुःख सांगतेय असंच वाटतं ना, की लोकांत मला किंमत नाही, येणारा जाणारा तुडवून जातो. आमच्या ग्रुपमधे हा क्लू आला तेव्हा आम्ही सगळे त्या बाईच्याच मागे लागलो होतो, पायरी झालं, वहाण झालं, चप्पल झालं, तीन अक्षरांचं जे जे पायाखाली येतं ते सगळं सुचवून झालं, पण पटत एकही नव्हतं कारण 'लोकांमध्ये' हा शब्द तिथे का आलाय ते कुणालाच सांगता येईना. मग एकीने फक्त एवढंच विचारलं, "यातला 'मी' नक्की कुणाचा आहे?"

बास, ट्यूब पेटली! 'मी' हा 'असते'चा नाहीच, तो 'लोकांमध्ये'चा आहे. लोक म्हणजे जन, आणि जनच्या मधे मी घातला की ज-मी-न. उरलेलं 'असते पायाखाली' ही जमीनची अगदी साधी सरळ व्याख्या. आपण जिथे एका दमात वाचत होतो तिथेच वाक्य तोडायचं होतं. मला स्वतःला या खेळातला सगळ्यात मोठा आनंद हाच वाटतो, आणि तो प्रश्न विचारणारी नसती तर आमच्यातल्या निम्म्या लोकांना तो मिळालाच नसता. म्हणून म्हणते, गूढ कोडी एकट्याने जरूर सोडवा पण चार वेडे जमवून सोडवलीत तर त्याची गोडी वेगळीच आहे, आणि ते नीट कसं करायचं तेच इथे लिहितेय.

आधी रचना समजून घ्या. साध्या कोड्यात फक्त व्याख्या असते, 'समुद्र' दिलं की आपण सागर लिहितो. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्कच्या एका पेपरात पहिलं शब्दकोडं छापलं ते त्याच प्रकारचं होतं. गूढ कोड्याला वळण मिळालं ते इंग्लंडमधे १९२० च्या दशकात, टॉर्केमाडा हे टोपणनाव घेतलेल्या एडवर्ड पॉइस मॅथर्स यांच्यामुळे. यात एकाच वाक्यात दोन वाटा असतात, एक व्याख्येची आणि दुसरी शब्दांच्या करामतीची, आणि दोन्ही वाटा एकाच उत्तराला येऊन मिळतात. व्याख्या जवळजवळ नेहमी वाक्याच्या सुरुवातीला नाहीतर शेवटाला असते, मधे नसते. ही एक गोष्ट जरी डोक्यात ठेवलीत तरी निम्मं काम झालं, कारण अख्ख्या वाक्याचा अर्थ लावत बसायच्या ऐवजी दोन टोकंच तपासायची असतात.

आता करामतींकडे येऊ. हे बघा:

दमत, धडपडत केलेलं साहाय्य (३)

'धडपडत' हा इशारा आहे, म्हणजे शेजारच्या शब्दाची अक्षरं हलवायची. दमतची अक्षरं हलवली की मदत, आणि मदत म्हणजे साहाय्य. विस्कटलेला, गोंधळलेला, मोडका, नाचत, वेडावाकडा असलं काही दिसलं की आधी अक्षरं मोजायची, शेजारच्या शब्दात आणि कंसातल्या आकड्यात मेळ बसतोय का ते पाहायचं.

थोडासा गरजला आतून समुद्र (३)

इथे उत्तर चक्क डोळ्यासमोर लिहिलेलं आहे, थोडा-सा गर-जला, मधली तीन अक्षरं उचला. आतून, पोटात, काही अंश, दडलेला हे त्याचे इशारे. नवीन माणसाला सगळ्यात आधी हा प्रकार शिकवा, कारण उत्तर इतका वेळ समोरच होतं हे कळल्यावर माणूस जो एकदा अडकतो तो कायमचा.

गुरुजींची गाडी चालवते राज्य (४), हा जोडकामाचा प्रकार, गुरुजी म्हणजे सर, गाडी म्हणजे कार, आणि राज्य चालवते ती सरकार. 'हल्ल्याचा दिवस (२)' यात करामत काहीच नाही, दोन्ही व्याख्याच आहेत, वार म्हणजे हल्ला आणि वार म्हणजे दिवस. विमानाचा पुढचा भाग तुटला, राहिला आदर (२), यात 'वि' गेला आणि मान उरला.

उलट्या शब्दांवर मात्र जरा थांबायला हवं, कारण मराठीची खरी गंमत तिथे आहे. 'गरिबाने मागे वळून पाहिलं तर सरिता (२)'. गरीब म्हणजे दीन, तो उलटा वाचला की नदी. पण हे जमतं ते फक्त दीर्घ दी असलेल्या दीनमुळे, दिवसवाला ऱ्हस्व दिन घेतलात तर नदि असं काहीतरी चुकीचंच हातात येतं. म्हणजे ऱ्हस्व दीर्घ चुकलं की अख्खं कोडं कोसळतं. आणि त्याच जोडीतून आणखी एक क्लू निघतो, 'ऐकायला गरीब वाटतो, पण दिवस (२)', उत्तर दिन. मराठीत आपण बरंचसं बोलतो तसंच लिहितो त्यामुळे असे ऐकायला सारखे शब्द इंग्रजीच्या मानाने फार थोडे मिळतात, एखादा सापडला की मला तर फार आनंद होतो. (उलटापालटीवरून आठवलं, १९७२ पासून अनेक दशकं ऑब्झर्व्हर पेपरात कोडी रचलेल्या जोनाथन क्राउदर यांचं टोपणनाव एझेड. ते इंग्रजीत उलटं लिहिलं की डेझा होतं, जो स्पेनमधला धर्मन्यायाधीश होता. टॉर्केमाडाही तसाच एक न्यायाधीश, आणि टॉर्केमाडानंतरच्या कोडी रचणाऱ्याने घेतलेलं झिमेनीज हे नावही तसंच. सोडवणाऱ्यांचा छळ करणारे म्हणून ही नावं घ्यायची परंपराच पडली.)

ग्रुप जमवताना पहिल्याच दिवशी अक्षरांचे नियम ठरवून टाका, नाहीतर दर कोड्याला वाद होतात. आम्ही ठरवलेले सांगते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळं आपापल्या अक्षराला चिकटूनच फिरतं, जोडाक्षर म्हणजे एकच घर, त्यामुळे पुस्तक तीन अक्षरी. काही लोक काना मात्रा सुट्या करून फिरवायची परवानगी देतात पण माझा त्याला साफ विरोध आहे, कारण मग कशाचंही काहीही बनवता येतं आणि सोडवणाऱ्याला खात्रीच वाटत नाही.

दुसरं म्हणजे कोडं आल्या आल्या कुणी काही बोलायचं नाही. आम्ही पहिला अर्धा तास प्रत्येकाला एकट्याला देतो. लहान दोन अक्षरी शब्द आणि लपलेले शब्द आधी शोधा, त्यांची अक्षरं ग्रिडमधे बसली की आडव्या उभ्यातून बाकीच्यांना आधार मिळतो. अडलात तर क्लू कागदावर हाताने लिहून काढा, विरामचिन्हं पुसून टाका, सगळे शब्द सलग लिहा. स्वल्पविराम बऱ्याचदा फसवायलाच टाकलेला असतो आणि तो गेला की वाक्य नव्या जागी तुटायला लागतं.

मग चर्चा सुरू करायची, आणि इथे एकच नियम मला प्राणापलीकडे महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे उत्तर सांगायचं नाही, ढकलायचं. मागे एका दुसऱ्या ग्रुपमधे एक हुशार माणूस होता, कोडं आलं की दहा मिनिटांत सगळी उत्तरं धडाधड टाकून मोकळा व्हायचा, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं पण महिन्याभरात बाकीच्यांनी कोडं उघडणंच सोडलं आणि तो ग्रुप गेला. तेव्हापासून आम्ही पायऱ्या ठेवल्यात. कुणी अडलं तर आधी फक्त व्याख्या कुठल्या टोकाला आहे ते सांगायचं, तरी नाही जमलं तर प्रकार सांगायचा, मग इशाऱ्याचा शब्द दाखवायचा, आणि अगदीच झालं तर पहिलं अक्षर. बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीवरच समोरून "अरे हो की!" येतं, आणि ते ऐकायला मिळणं हे स्वतः सोडवण्याइतकंच सुखाचं आहे.

उत्तर देणाऱ्याने फोड सांगायचीच, फोड नसेल तर उत्तर धरायचं नाही. 'सागर असणार, बसतोय तिथे' हे चालत नाही, का सागर ते दाखव. यामुळे अंदाजपंचे थांबतं आणि नवीन लोक फार पटकन तयार होतात, कारण प्रत्येक फोड म्हणजे एक धडाच असतो. शिवाय प्रत्येकाचं डोकं वेगळं चालतं, कुणाला संस्कृत शब्द पटकन सुचतात, कुणाला नाटक सिनेमातले, कुणी फक्त अक्षरांकडेच बघतो. १९४२ मधे डेली टेलिग्राफने वाचकांना बोलावून १२ मिनिटांत कोडं सोडवायची स्पर्धा घेतली होती, आणि त्यातल्या काहींना नंतर इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्क या केंद्रात जर्मन गुप्त संदेश फोडण्याच्या कामासाठी विचारणा झाली. ते कामही एकट्या दुकट्याचं नव्हतंच, वेगवेगळ्या डोक्यांची माणसं एकत्र बसवून केलेलं होतं.

कोडं रचणारा आणि सोडवणारे यांच्यात पण एक नातं तयार होतं, ते जपा. गार्डियनमधे अरॉकॅरिया या नावाने जॉन ग्रॅहम अनेक दशकं कोडी रचायचे. जानेवारी २०१३ मधे त्यांनी आपल्याला अन्ननलिकेचा कॅन्सर झालाय ही बातमी वाचकांना कोड्यातूनच सांगितली, घरं भरत गेली तशी ती एकेकाला कळत गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमधे ते गेले. मला हे आठवलं की अजूनही भरून येतं, कारण त्या लोकांशी त्यांची रोजची बोलायची भाषाच ती होती.

थोडे दिवस सोडवून झाले की आळीपाळीने रचायला लागा. झिमेनीज म्हणजे डेरिक मॅकनट हे वाचकांना एक शब्द देऊन त्याच्यावर क्लू लिहायला सांगायचे, त्यातले चांगले निवडायचे आणि त्यावर टिपण लिहून पाठवायचे. १९६६ च्या पुस्तकात त्यांनी मांडलेल्या नियमांचं एझेड यांनी नंतर सांगितलेलं सूत्र आम्ही तसंच धरलंय, क्लूमधे नेमकी व्याख्या हवी, प्रामाणिक करामत हवी आणि तिसरं काहीही नको. उगाच भरतीचा एक शब्द जरी आला तरी सोडवणारा त्यालाच इशारा समजून तासभर झटतो, तेव्हा लिहून झालं की प्रत्येक शब्दावर बोट ठेवून विचारा, तू इथे कशाला आहेस? आणि ज्याचा क्लू आहे त्याने चर्चेत गप्प बसायचं, कितीही तोंडावर आलं तरी.

आजचा क्लू माझा आहे, त्यामुळे मी गप्प. उत्तर फोडीसकट द्या, आणि आधी सुटला तर शेजारच्याला फक्त टोक सांगा:

उद्याच्या दुसऱ्या दिवशी नकार म्हणजे लायसन्स (४)