अलार्म वाजल्यावर फोन कोणाला जाणार?

न्यू जर्सीत मला बावीस वर्षं झाली. नवीन घर घेतलेल्या मराठी कुटुंबाकडे वास्तुशांतीला गेलं की पानं उठायच्या आधीच प्रश्न येतो, "ताई, अलार्म कुठला घेऊ?" मग कॅमेऱ्यांची, अ‍ॅपची, स्वस्त-महाग पॅकेजची चर्चा रंगते. मी मात्र प्रत्येकाला एकच विचारते: घंटा वाजल्यावर तुमच्या घराकडे धावणार कोण?

आपल्याकडे सोसायटीत वॉचमन असतो, समोरच्या दाराच्या काकू असतात, जिन्यात कुणी अनोळखी दिसलं की "कोण हवंय?" म्हणणारं कुणीतरी असतंच. इथे दुपारी अख्खी गल्ली ओस असते. ती माणसं इथे आपल्याला जमवावी लागतात, आणि मॉनिटरिंग सेवा, म्हणजे पैसे घेऊन तुमच्या अलार्मवर चोवीस तास लक्ष ठेवणारी कंपनी, हा त्या साखळीतला फक्त एक दुवा आहे.

साखळी अशी चालते. दार उघडलं की त्यावरचा सेन्सर भिंतीवरच्या पॅनेलला कळवतो. कोड दाबायला तुम्हाला साधारण ३० ते ६० सेकंद मिळतात. कोड दाबला नाही, तर सिग्नल कंपनीच्या सेंट्रल स्टेशनला, म्हणजे नियंत्रण कक्षाला जातो. ते बहुधा दुसऱ्याच राज्यात असतं. तिथला ऑपरेटर आधी तुम्ही कंपनीला दिलेल्या यादीतल्या पहिल्या नंबरला फोन लावतो, मग दुसऱ्या, आणि परवलीचा शब्द मिळाला नाही तर तुमच्या गावच्या पोलिसांना कळवतो. म्हणजे सगळा खेळ त्या यादीवर आणि त्या शब्दावर.

हे मला कळलं ते आमच्या सासूबाईंमुळे. त्या पहिल्यांदा आल्या होत्या, आम्ही दोघं कामावर, आणि निघताना सवयीने अलार्म लावून गेलेलो. अकराच्या सुमारास त्या धुतलेले कपडे डेकवर वाळत घालायला निघाल्या आणि मागचं सरकतं दार उघडलं. पॅनेल टुकटुक करू लागलं. त्यांना वाटलं, फ्रिजचं दार उघडं राहिलं असेल. मग भोंगा सुरू झाला आणि भिंतीवरच्या त्या डब्यातून सेंट्रल स्टेशनची ऑपरेटर बाई इंग्रजीत बोलायला लागली. परवलीचा शब्द आम्ही 'ज्ञानेश्वर' ठेवला होता. आईंनी तो दोनदा स्पष्ट सांगितला, पण पलीकडे ऐकणाऱ्या बाईला तो समोर लिहिलेल्या अक्षरांशी जुळवता येईना. यादीत फक्त आमचे दोघांचे नंबर, आणि दोघांचेही फोन मीटिंगमध्ये बंद. पोलीस आले तेव्हा आई हातात ओला पंचा धरून दारात थरथरत उभ्या होत्या. पोलीस फार सभ्य होता, त्याने त्यांना पाणी प्यायला लावलं. पण त्या नंतर आठवडाभर मागचं दार उघडेनात.

त्याच संध्याकाळी मी शब्द बदलून 'मँगो' केला. आईंनाही येतो, ऑपरेटरलाही. यादीत तिसरं नाव शेजारच्या निवृत्त शिक्षिकेचं घातलं, त्यांच्याकडे किल्लीही ठेवली. धोक्याचा वेगळा शब्द आहे का, हेही कंपनीला विचारा. कुणी बळजबरीने शेजारी उभं असेल आणि तुम्ही तो शब्द उच्चारलात, तर ऑपरेटर "ठीक आहे" म्हणून फोन ठेवतो आणि गुपचूप पोलीस पाठवतो.

"आम्ही फोनवरच बघू, महिन्याचे पैसे कशाला?" असं बरेच जण म्हणतात. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये ते चालेल. चिकटवायचे सेन्सर घ्या, घर बदलताना काढून न्या. पण स्वतःचं घर असेल आणि डिसेंबरात महिनाभर पुण्याला जाणार असाल, तर नीट विचार करा. इथे दुपारचे दोन वाजलेले असतात तेव्हा तिकडे रात्रीचे साडेबारा. तुम्ही झोपलेले, इथलं सिमकार्ड बंद. समजा जागे असलात आणि कॅमेऱ्यात माणूस दिसलाही, तरी भारतातून ९११ लावून तुमच्या गावचे पोलीस मिळत नाहीत. ९११ चा फोन जिथून करता तिथल्याच यंत्रणेकडे जातो. त्यामुळे गावच्या पोलिसांचा दहा आकडी नंबर आजच फोनमध्ये साठवून ठेवा. आणि त्या महिन्यापुरतं तरी ऑपरेटरचं मॉनिटरिंग घ्या. सिंपलीसेफसारख्या कंपन्यांकडे ते दरमहा चालू-बंद करता येतं.

सोन्याबद्दल स्पष्ट बोलते, कारण त्याबद्दल आपण आपसांत कुजबुजतो फक्त. आपल्या घरात सोनं असतं हे चोरांना ठाऊक आहे. २०१९ मध्ये मिशिगनच्या फेडरल कोर्टाने एका टोळीच्या सूत्रधार बाईला ३७ वर्षांची शिक्षा दिली. आशियाई आणि भारतीय वंशाच्या कुटुंबांच्या याद्या करून त्यांची घरं लुटायला ती माणसं पाठवत असे. म्हणून मंगळसूत्र, पाटल्या, तोडे यांच्या रक्षणाचा सगळा भार अलार्मवर टाकू नका. घराच्या नेहमीच्या विम्यात चोरीला गेलेल्या दागिन्यांची मर्यादा बहुतेकदा १,५०० डॉलर एवढीच असते, म्हणजे एका बांगडीचेही पैसे निघायचे नाहीत. दागिन्यांचं मूल्यांकन करून त्यांची वेगळी नोंद विम्यात करून घ्या. मॉनिटरिंग कंपनीकडून प्रमाणपत्र घेऊन विमा कंपनीला पाठवा, हप्त्यात सूट मिळू शकते.

आता करार. उन्हाळ्यात टाय लावलेली कॉलेजची मुलं दारोदार येतात. "शेजाऱ्यांनीही घेतलाय, उपकरणं फुकट, आज सही केली तरच." आम्ही नवखे असताना अशाच एकाकडे सही केली. करार ६० महिन्यांचा होता. तीन वर्षांनी घर विकलं, तरी उरलेल्या महिन्यांचे पैसे भरावे लागले. त्या कंपनीचं नाव घेत नाही, पण त्या पैशांत दोघांचं भारताचं तिकीट आलं असतं. तेव्हा एक गोष्ट माहीत नव्हती ती तुम्हाला सांगते: घरी येऊन केलेल्या विक्रीवर तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत करार रद्द करण्याचा हक्क फेडरल नियमाने दिला आहे. शनिवार त्यात धरतात, रविवार आणि सरकारी सुट्टी नाही. रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती विक्रेत्याने द्यायलाच हव्यात. मिळाल्या नाहीत तर तिथेच सही थांबवा. मुदत किती, ती आपोआप वाढते का, घर बदललं तर काय, ही तीन उत्तरं कागदावर दाखवायला सांगा. तोंडी आश्वासन धरू नका.

कंपनीला आणखी दोन प्रश्न विचारा. सेंट्रल स्टेशनला यूएलची (सुरक्षा तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था) मान्यता आहे का, आणि ते बंद पडलं तर दुसरं कुठे आहे? दुसरा, वायफाय गेलं तर सिग्नल मोबाइल नेटवर्कवरून जातो का? जातो म्हणाले तर कुठल्या पिढीच्या, तेही विचारा. २२ फेब्रुवारी २०२२ ला एटी अँड टी या मोबाइल कंपनीने थ्रीजी बंद केलं, तेव्हा न बदललेली कितीतरी जुनी पॅनेलं मुकी झाली. जुन्या घराबरोबर जुनं पॅनेल मिळालं असेल तर हे आधी तपासा.

अनेक गावांत अलार्मची नोंदणी पोलिसांकडे करावी लागते आणि वारंवार खोटी घंटा वाजली तर दंड बसतो. नोंदणी कंपनी करेल असं गृहीत धरू नका, टाउन हॉलला स्वतः फोन करा. पश्चिमेकडच्या काही शहरांत नियम आणखी कडक आहेत. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला नुसता भोंगा वाजला म्हणून पोलीस येत नाहीत, घुसखोरीचा काहीतरी पुरावा लागतो. सिॲटलनेही १ ऑक्टोबर २०२४ पासून तसंच केलंय. तिथे राहणाऱ्यांनी ऑपरेटरला कॅमेरा पाहता येईल अशी सेवाच निवडावी.

चोरापेक्षा आग आणि पाणी जास्त घरं बिघडवतात. धुराचा डिटेक्टर मॉनिटरिंगला जोडा, पण शेगडीपासून निदान १० फूट लांब, नाहीतर लाल मिरच्यांच्या फोडणीला अग्निशमन दलाची गाडी दारात उभी राहील. कार्बन मोनॉक्साइडचा, तळघरातल्या पाण्याचा आणि तापमान उतरल्याचा सेन्सरही जोडा. इथल्या जानेवारीत हीटर बंद पडला तर नळ गोठून फुटतात आणि घर रिकामं असेल तर पाणी दिवसचे दिवस वाहत राहतं.

भारतात निघायच्या आदल्या शनिवारी एक करा. कंपनीला फोन करून सिस्टीम टेस्टवर टाकायला सांगा, म्हणजे घंटा वाजली तरी ते पोलिसांना कळवणार नाहीत, सगळी दारं एकेक करून उघडा आणि प्रत्येक सिग्नल पोचला का ते ऑपरेटरकडून वाचून घ्या. यादीत इथे राहणाऱ्या मित्राचं नाव पहिलं आणा. त्याला किल्ली, कोड आणि परवलीचा शब्द द्या, आणि एकदा त्याच्याच हातून अलार्म लावून-बंद करून बघा.