बागेसाठी दगड घडवायला शिकायचंय? मग आधी दगड ओळखा

बरेच जण आधी ग्राइंडर विकत आणतात आणि मग दगड मिळेल तो कापायला बसतात, माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे, आधी दगड ठरवा मग हत्यार. आपल्याकडे सहज मिळणारे तीन म्हणजे देशावर काळा पाषाण (बेसाल्ट), कोकण-गोव्यात जांभा, आणि कर्नाटकातून येणारी शहाबादी फरशी. तिन्ही दगड वेगळ्या पद्धतीने तुटतात, त्यामुळे एकाची पद्धत दुसऱ्याला लावली की दगड वाया जातो.

शिकायला जांभा बेस्ट. खाणीतून ताजा निघालेला चिरा मऊ असतो, हवा लागली की हळूहळू कडक होत जातो, म्हणून घेताना ताजा मागा आणि आणल्यावर फार दिवस पडू देऊ नका. कोपरे तासायचे, कडा सरळ करायच्या, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून बघायचं, हात बसायला एवढं पुरे. वाफ्याची कड, छोटा कट्टा, तुळशीवृंदावनाचा चौथरा यासाठी मस्त, पण त्यात बारीक नक्षी काढायला जाऊ नका, दगड सच्छिद्र आहे, कडेचे कण सुटतात.

पायवाटेला शहाबादी घ्या, पण पॉलिश नसलेली, पॉलिशवरून पावसात पाय घसरतो. हा थराथराचा चुनखडीचा दगड आहे. फरशी वाळूवर सपाट ठेवा, रेघ मारा, चपटी छिन्नी रेघेवर उभी धरून हलके हलके ठोके देत पूर्ण रेघ दोन-तीनदा फिरा, मग फरशी उलटवून मागून तीच रेघ तशीच. आता रेघ लाकडी पट्टीच्या कडेवर आणा आणि बाहेर आलेल्या भागावर ठोका द्या. घाई करून एकाच जागी जोरात मारलं तर थर सुटतो किंवा फरशी भलतीकडे फुटते. मोठ्या माणसाच्या चालीला दोन फरश्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत साधारण दोन फूट अंतर बरोबर पडतं.

आता काळा पाषाण, खरी मजा इथे आहे. घ्यायच्या आधी हातोडीने वाजवून बघा, खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर आत चीर असण्याची शक्यता जास्त, सोडून द्या. याला थर नाहीत त्यामुळे शहाबादीसारखा रेघ मारून फुटत नाही, मोठा दगड असेल तर पाचरी लागतात. रेघेवर चार-पाच इंचांवर ड्रिलने भोकं पाडायची, प्रत्येकात दोन पत्र्यांच्या मधे पाचर, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांना सारखा एकेक ठोका. आवाज चढत जातो, तो ऐका, थोडं थांबा, परत एक फेरी. रेघ शक्यतो दगडाच्या मधोमध घ्या, एका बाजूला माल कमी राहिला की चीर त्या बारीक बाजूला वळते.

सपाटीकरण म्हणजे नुसतं ठोकत बसणं नव्हे, त्याला क्रम आहे. आधी एका कडेला चपट्या छिन्नीने इंचभर रुंदीची सरळ पट्टी काढा, मग समोरच्या कडेला तशीच. दोन्ही पट्ट्यांवर एकेक सरळ फळी उभी ठेवून एका बाजूने डोळा लावून बघा, दोन्ही वरच्या कडा एका रेषेत आल्या नाहीत तर पट्टीत पीळ आहे, तो आत्ताच काढा, नंतर निघत नाही. मग उरलेल्या दोन कडांनाही पट्ट्या काढून त्या जोडा आणि शेवटी मधलं पोट टोकाच्या छिन्नीने उतरवा. छिन्नी साधारण 45 अंशात तिरकी, आणि ठोका नेहमी कडेकडून आत, आतून बाहेर मारलात की कोपरा उडालाच. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून पसरलं की घासून घ्या, त्याचे तुकडे उडतात. टोक बोथट झालं की लोहाराकडून धार लावून पाणी देऊन (तापवून, पाण्यात बुडवून कडक करून) आणा. जवळपास पाथरवट असतील, पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारे असतील तर रीतसर पैसे देऊन अर्धा दिवस त्यांच्याकडे बसा, मनगट कसं सैल ठेवतात ते बघितल्याशिवाय कळत नाही, आणि हे काम पिढ्यानपिढ्या करणाऱ्यांकडून शिकण्यासारखी दुसरी शाळा नाही.

ग्राइंडर वापरणार असाल तर डायमंड ब्लेड घ्या, त्यावर लिहिलेली आरपीएम (मिनिटाला फेरे) मर्यादा मशीनपेक्षा कमी नको, आणि गार्ड काढायचा नाही म्हणजे नाही. बाजूने बंद असलेला चष्मा आणि एन-95 मास्क लावा, रुमालाने बारीक धूळ अडत नाही. ग्रॅनाइट आणि वालुकाश्मात सिलिका भरपूर, त्याच्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि गेलेलं फुप्फुस परत येत नाही. पाणी मारत कापलं तर धूळ बसते, पण पाणी आणि वीज एकत्र येतात म्हणून लाइनवर ईएलसीबी (वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच) हवाच.

हात बसला की पक्ष्यांसाठी डोण (पाण्याचं उथळ दगडी भांडं) करा, काळ्या पाषाणाचीच, जांभ्यातून पाणी झिरपतं. गोल आखून आतल्या भागात ग्राइंडरने एकमेकींच्या जवळ समांतर खाचा मारा, मधे उभ्या राहिलेल्या पट्ट्या छिन्नीने उडवा, परत खाचा, असं उतरत जा. मधे खोली दोन इंचांपेक्षा जास्त नको, कडेकडून मधे उतार ठेवा, तळ मुद्दाम खरबरीत सोडा, पक्ष्यांचे पाय गुळगुळीत दगडावर टिकत नाहीत. धुवायला पाणी आणि ब्रश पुरे, शहाबादीवर तर ॲसिड चुकूनही टाकू नका, दगडच खातं. डोण दर दोन दिवसांनी काथ्याने घासून पाणी बदला, नाहीतर डासांच्या अळ्या होतात.