कुणीही बाद न होणारे घरगुती खेळ

वाढदिवसासाठी खेळ ठरवताना मी आधी एकच गोष्ट बघते: यात कुणी बाद होतं का? होत असेल तर खेळाचा नियम बदलायचा. संगीत खुर्चीत सगळ्यांत आधी बाद होतं ते सगळ्यांत लहान किंवा भिडस्त पोर, आणि मग ते बाकीचा वेळ आईला चिकटून बसतं. बालवाडीत शिकवताना अशी मुलं मी फार जवळून पाहिली आहेत.

तीच संगीत खुर्ची घ्या. खुर्च्यांऐवजी रद्दीतली वर्तमानपत्रं उलगडून पसरा, दोघांत एक. गाणं थांबलं की सगळ्यांनी कागदावर उभं राहायचं. दर फेरीला काढायचा तो कागद, मूल नाही. उरलेल्या दोन कागदांवर 10-12 जण मावायची खटपट करतात, मोठी मुलं आपणहून छोट्यांना कडेवर घेतात, आणि जिंकले तर सगळेच जिंकतात. फरशीवर कागद सटकतो, म्हणून खाली सतरंजी हवीच आणि पाय उघडे हवेत. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीत मुलं मोजे काढायला कुरकुर करतात, पण सतरंजीवर चालतं.

गट पाडायचे असतील तर दोन कप्तान करून मुलं निवडायला लावू नका. शेवटी उरलेल्याला ते फार लागतं. कापडी पिशवीत राजमा आणि हरभरे समसमान मोजून टाका, प्रत्येकाने न बघता एक दाणा काढायचा. राजमावाले एकीकडे, हरभरेवाले दुसरीकडे. दाणे लगेच परत घ्या. कच्चा राजमा चावून खाल्ला तर उलट्या होतात, आणि अगदी लहान मुलं दाणा नाकातही घालतात.

बादलीतलं नाणं हा माझा आवडता खेळ. बादली पाण्याने भरा, तळाशी मधोमध स्टीलची वाटी ठेवा आणि वरून रुपयाचं नाणं वाटीत पाडायला सांगा. दिसतं सोपं, पण नाणं आडवं सोडलं की वाळल्या पानासारखं हेलकावे खात बाजूला जातं. शिवाय तिरकं बघितलं तर पाण्यात प्रकाश वळत असल्याने वाटी असते तिथे दिसत नाही. दोन-तीन वेळा चुकल्यावर मुलांना स्वतःच उमगतं की बरोबर वर उभं राहून, नाणं कडेवर उभं धरून, पाण्याला टेकवून सोडायचं. तोवर सांगू नका! मोजायची ती सगळ्यांची मिळून वाटीत पडलेली नाणी. खेळ संपला की बादली लगेच रिकामी करा. घरात रांगतं मूल असेल तर हा खेळ काढूच नका.

घरात आजी-आजोबा असतील तर भांडी ओळखायचा खेळ घ्याच. आपल्या नाशिकच्या भांडी बाजारातून पिढ्यान्‌पिढ्या घेतलेली तांब्या-पितळेची भांडी अनेक घरांत माळ्यावर पडून असतात, ती काढा. पितळी तांब्या, काशाची वाटी, स्टीलचा डबा, लोखंडी तवा एवढं पुरे. दोघांनी चादर धरायची, मागून एकाने लाकडी लाटण्याने हलकेच वाजवायचं. वाटी पूर्ण तळहातावर घेतली तर आवाज दबतो, तीन बोटांच्या टोकांवर तोलली तर काशाचा नाद कितीतरी वेळ घुमतो. पुढच्या फेरीत तांब्यात पाणी भरत जा. पाणी वाढेल तसा आवाज खाली उतरतो. तांब्या किती भरला ते मुलांनी सांगायचं. इथे आजी हमखास नातवंडांच्या पुढे असते, आणि तिला असं पुढे बघणं मुलांना फार आवडतं.

द्राक्षांच्या दिवसांत लिंबू-चमच्यातलं लिंबू बदलून द्राक्ष ठेवता येईल. चमचा तोंडात न धरता हातात, आणि पडलं तर उचलून पुढे चालायचं. खाली पडलेली द्राक्षं वेगळ्या वाटीत टाका. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खं द्राक्ष खायला देऊ नका, घशात अडकतं. उभे चार तुकडे करून द्या.

दोन तासांच्या कार्यक्रमाला चार खेळ भरपूर झाले. सगळी जमेपर्यंत नाणं, कारण त्यात मधे कुणीही येऊ शकतं. मग कागद, मग द्राक्ष, आणि जेवणाआधी भांडी, म्हणजे दमलेली मुलं बसलेली असतात. जेवल्यावर उड्या मारायला लावू नका.

बक्षीस सगळ्यांना सारखंच: कागदी पुडीत चिवडा, वर प्रत्येकाचं नाव. पुड्या आदल्या रात्रीच भरून ठेवा, आणि सोबत आलेल्या भावंडांसाठी चार जास्तीच्या करा.