पदवीच्या वर्गात जपान शिकवायचा असेल तर

पुण्यात जपानी भाषेचे क्लास भरपूर. जपानचा इतिहास-समाज शिकवणारे मात्र थोडे. या वाटेला येणार असाल तर वर्गात कोण बसतं ते आधी ऐका. काही मुलं ॲनिमे बघून आलेली, काही जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी (एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड) पास होऊन नोकरीवर डोळा ठेवून. दोघांच्याही तोंडी एकच वाक्य: जपानी माणूस मुळातच शिस्तीचा. हे वाक्य खिळखिळं करणं, माझ्या मते पहिल्या सत्राचं खरं काम. व्याख्यानाने ते होत नाही, कागद पुढे ठेवावे लागतात.

मी १८८९ आणि १९४७ च्या राज्यघटनांची भाषांतरं शेजारी-शेजारी वाचायला देते. पहिलीत सम्राट पवित्र आणि सर्वसत्ताधीश. दुसरीत तो नुसता प्रतीक, सत्ता जनतेची. मध्ये काय झालं, हे मग मुलंच विचारतात. नवव्या कलमाशी वर्ग हमखास पेटतो. युद्धाचा त्याग केला, तर १९५४ मध्ये स्वसंरक्षण दल उभं राहिलंच कसं? यावर दोन तास गेले तरी जाऊ द्या. इकेबाना म्हणजे फुलांची मांडणी आणि चहाचा विधी नंतर उरकता येतो.

आपल्याकडचा धागा हवाच असेल तर महर्षी कर्वे घ्या. तोक्योच्या महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचून त्यांना आपल्या विद्यापीठाची कल्पना सुचली; ते १९१६ मध्ये उभं राहिलं. तोक्योच्या त्या विद्यापीठाचे संस्थापक नारुसे म्हणत, मुलीला आधी माणूस, मग स्त्री, मग नागरिक म्हणून शिकवा. कर्व्यांनी त्यातलं काय उचललं, काय सोडलं, यावर निबंध लिहायला सांगा. गूगलवरून उतरवता येत नाही, हा वरचा फायदा.

तुमची स्वतःची जपानी निदान एन-२ पर्यंत हवी. पण जेएलपीटी परीक्षेत बोलणं नाही की निबंध नाही, तेव्हा प्रमाणपत्रावर हुरळू नका. पगाराचंही स्पष्ट सांगते: तासिका तत्त्वावर शिकवून घर चालत नाही, बहुतेकजण जोडीला भाषांतराची कामं घेतात.

जपानी मुख्य विषय घेणाऱ्या पदवीच्या मुलांसाठी जपान सरकारची साधारण वर्षभराची शिष्यवृत्ती असते. दूतावासाच्या जाहिरातीवर तुम्हीच लक्ष ठेवा. मुलं शिफारसपत्र मागायला येतात ती मुदतीच्या आदल्या संध्याकाळी.