दोन व्हर्च्युअल मशीनमध्ये सामाईक मेमरी: आयव्हीशमेमचं कर्नल मॉड्यूल कसं बसवायचं

समजा, जळगावातल्या एखाद्या लॅबमध्ये एका होस्टवर (म्हणजे खऱ्या संगणकावर) दोन व्हर्च्युअल मशीन चालू आहेत; त्यांना ‘गेस्ट’ म्हणतात. पहिलं रावेर-यावलकडच्या केळीबागांतल्या सेन्सरचे आकडे गोळा करतं, दुसरं त्यावरून पाण्याचा हिशोब काढतं. मिनिटाला चार ओळी जायच्या असतील तर साधं नेटवर्क पुरतं, तेच वापरा. पण बागेतल्या कॅमेऱ्याच्या फ्रेम सतत इकडून तिकडे न्यायच्या असतील, तर प्रत्येक फ्रेमची कॉपी पाठवण्यापेक्षा दोघांना एकच मेमरी दाखवलेली बरी. लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूएमू-केव्हीएममध्ये त्यासाठी आयव्हीशमेम नावाचं आभासी पीसीआय उपकरण आहे.

त्याचे दोन प्रकार. ‘प्लेन’ म्हणजे नुसती मेमरी. ‘डोअरबेल’मध्ये मेमरी असतेच, शिवाय एक मशीन दुसऱ्याला इंटरप्ट (हातातलं काम थांबवून लक्ष वेधणारा इशारा) देऊन ‘आकडे आले’ असं कळवू शकतं. प्लेनसाठी बऱ्याचदा कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, जोडायचा ड्रायव्हर) लागतही नाही: गेस्टच्या सिसएफएसमध्ये (/sys फोल्डरमध्ये) त्या पीसीआय उपकरणाखाली ‘रिसोर्स२’ नावाची फाइल दिसते, रूट म्हणून ती एममॅप केली (प्रोग्रॅमच्या मेमरीत जोडून घेतली) की काम झालं. ती कॅटने वाचायला जाऊ नका, इनपुट-आउटपुट एरर येईल. तिथे फक्त एममॅप चालतं. गेस्टमध्ये सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कर्नल चालू देणारी सोय) चालू असून कर्नल लॉकडाउनमध्ये, म्हणजे रूटवरही बंधनं घालून, असेल, तर मात्र रूटलाही ही वाट बंद असते. अशा वेळी, किंवा इंटरप्ट हवे असतील तेव्हा, मॉड्यूल बसवायचं.

होस्टवर

डेव्ह-एसएचएममध्ये (रॅममध्येच राहणारं फोल्डर) मेमरीची फाइल ठरवा. आकार दोनच्या घातात हवा: ४, १६, ६४ एमबी असा. १० एमबी चालत नाही, कारण पीसीआयचा बार (उपकरणाची मेमरी जिथून दिसते ती खिडकी) दोनच्या घातातलाच आकार मोजतो. ही जागा रॅममधून जाते आणि डेव्ह-एसएचएमची मर्यादा सहसा एकूण रॅमच्या निम्मी असते, हे ध्यानात ठेवा. क्यूएमूला मेमरी-बॅकएंड-फाइल हा पर्याय देताना ‘शेअर’ ऑन करायला विसरू नका. ते ऑफ राहिलं तर एररही येत नाही. प्रत्येक मशीन आपापल्या खासगी प्रतीत लिहीत राहतं आणि समोरच्याला काहीच दिसत नाही.

लिबव्हर्ट (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं साधन) वापरत असाल तर मशीनच्या एक्सएमएलमध्ये उपकरणांच्या भागात ‘एसएचमेम’ टॅग घाला. त्यात नाव, मॉडेल आणि आकार द्या. दोन्ही मशीनमध्ये नाव आणि आकार तंतोतंत तोच हवा. हाताने पर्याय घुसडण्यापेक्षा हा टॅग बरा, नाहीतर उबुंटूवर अ‍ॅपआर्मर आणि फेडोरावर एसईलिनक्स ही सुरक्षा-व्यवस्था आडवी येते.

डोअरबेल हवी असेल तर आधी आयव्हीशमेम-सर्व्हर चालू करा, मगच मशीन. हा सर्व्हर क्यूएमूसोबतच येतो, पण तो चाचणीसाठी आहे. खऱ्या कामाला त्याच्यावर विसंबू नये.

गेस्टवर

१. एलएसपीसीआय (पीसीआय उपकरणांची यादी देणारी आज्ञा) चालवून १एएफ४:१११० हा आयडी शोधा. तो नसेल तर दोष होस्टच्या मांडणीत आहे, गेस्टमध्ये वेळ घालवू नका.

२. चालू कर्नलचेच हेडर (मॉड्यूल कंपाइल करायला लागणाऱ्या फाइली) बसवा. युनेम -आर जो आकडा दाखवेल तोच हेडरचा हवा. कर्नल अपडेट करून रीबूट न केलेल्या मशीनवर इथेच घोटाळा होतो आणि पुढे ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ येतं.

३. यूआयओ-आयव्हीशमेमचा सोर्स घेऊन मेक करा (यूआयओ म्हणजे साध्या प्रोग्रॅमला उपकरण वापरू देणारी कर्नलची सोय). जुना सोर्स नव्या कर्नलवर अडतो. ‘आयओरीमॅप-नोकॅश’ ५.६ पासून काढून टाकलं आहे. त्या जागी साधं आयओरीमॅप लिहा. एमएसआय-एक्सचं (पीसीआय इंटरप्टच्या पद्धतीचं) जुनं फंक्शनही गेलं आहे, तिथे आयआरक्यू-व्हेक्टर मागणारं नवं वापरा.

४. आधी मॉडप्रोबने ‘यूआयओ’ लोड करा, मग इन्समॉडने आपलं मॉड्यूल. इन्समॉड अवलंबित मॉड्यूल स्वतः आणत नाही, म्हणून ‘अननोन सिम्बॉल’ दिसतं. सही नाही म्हणून कर्नलने नाकारलं तर स्वतःची किल्ली बनवून मॉड्यूलवर सही करा, ती मोकयुटिलने नोंदवा आणि रीबूटच्या वेळी येणाऱ्या निळ्या पडद्यावर मंजूर करा. हा पडदा एसएसएचवरून दिसत नाही. मशीनचा कन्सोल उघडा ठेवा.

५. डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) वाचा. इंटरप्ट मागणारं मॉड्यूल प्लेन उपकरणावर बसायला नकार देऊ शकतं, कारण प्लेनला इंटरप्टच नसतात.

६. सगळं जुळलं की डेव्हमध्ये यूआयओ० दिसेल. ते रूटचं असतं. यूडेव्हचा (डेव्हमधल्या फाइलींच्या परवानग्या ठरवणाऱ्या सेवेचा) नियम लिहून एका ग्रुपला परवानगी द्या. सगळ्यांना खुलं करू नका.

पुढच्या कर्नल अपडेटला मॉड्यूल पुन्हा कंपाइल करावं लागणार, म्हणून ते काम आपोआप करणाऱ्या डीकेएमएसमध्ये ते घाला आणि बूटच्या वेळी ते लोड व्हावं म्हणून मॉड्यूल्स-लोड-डॉट-डी फोल्डरमध्ये त्याचं नाव लिहा.

एममॅप करताना यूआयओच्या ‘मॅप्स’ फोल्डरमध्ये आकार पाहा. २५६ बाइटचा नकाशा रजिस्टरांचा, मोठा तो मेमरीचा. ऑफसेट म्हणजे नकाशाचा क्रमांक गुणिले पेजचा आकार, म्हणजे क्रमांक १ साठी ४०९६. डोअरबेलचं रजिस्टर १२ व्या बाइटवर आहे: वरचे १६ बिट समोरच्या मशीनचा क्रमांक, खालचे १६ व्हेक्टर, म्हणजे इंटरप्टचा क्रमांक. आपला स्वतःचा क्रमांक ८ व्या बाइटवर वाचता येतो.

पाळी कोण ठरवणार?

मॉड्यूल फक्त मेमरी उघडून देतं, कुलूप देत नाही. धुळ्याकडच्या पांझरा नदीवरच्या फडात (सामाईक पाटपाण्याच्या जुन्या पद्धतीत) पाणी सगळ्यांचं असलं तरी पाटकरी ठरवेल त्या पाळीनेच ते शेतात जातं. इथे तो पाटकरी तुमच्या प्रोग्रॅममध्येच लिहावा लागतो. सर्वांत निर्धोक म्हणजे एक लिहिणारा आणि एक वाचणारा अशी रिंग (शेवटी पोचली की पुन्हा सुरुवातीपासून भरणारी रांग). लिहिण्याचा आणि वाचण्याचा निर्देशांक वेगवेगळ्या ६४ बाइटच्या ओळीत ठेवा, आधी डेटा लिहा, मेमरी बॅरियर (लिहिण्याचा क्रम बदलू न देणारी सूचना) द्या, मगच निर्देशांक पुढे सरकवा. हा क्रम चुकला तर दिवसभर नीट चालून संध्याकाळी एकदाच अर्धवट फ्रेम येते आणि दोष सापडता सापडत नाही. समोरून आलेली लांबी आधी आपल्या मेमरीत घ्या, मग तपासा. सामाईक जागेतच तपासली तर तपासणी आणि वापर यांच्या मधल्या क्षणात ती बदलू शकते.

चाचणी साधी आहे: होस्टवर त्या फाइलच्या सुरुवातीला चार ओळखीची अक्षरं लिहा आणि दोन्ही गेस्टमध्ये ती वाचा. सगळीकडे एफएफ दिसलं तर उपकरण सुरू नाही. सिसएफएसमधल्या ‘इनेबल’ फाइलमध्ये १ लिहून पाहा.

वीज गेली की डेव्ह-एसएचएम पुसलं जातं, आणि भारनियमन नवं नाही. म्हणून मेमरीच्या सुरुवातीला एक खूण-आकडा आणि आवृत्ती ठेवा. ते जुळल्याशिवाय वाचणाऱ्याने पुढे जाऊ नये. डोअरबेल वापरत असाल तर सिस्टमडीमध्ये (लिनक्स सुरू होताना सेवा चालू करणारी व्यवस्था) सर्व्हर मशीनांच्या आधी उठेल असा क्रम लावा, नाहीतर वीज परत आल्यावर सर्व्हरचं सॉकेट (जोडणीची जागा) न सापडल्याने दोन्ही मशीन बंदच राहतील.